वाचकांचे प्रश्न : हातात धरून वाजवायची लॅटिन तालवाद्ये निवडताना

मराकास (दांडा लावलेले, बिया भरलेले खुळखुळे), क्लावेस, ग्वीरो, काऊबेल (दांडक्याने वाजवायची धातूची घंटा), कबासा अशा वाद्यांविषयी गेल्या काही महिन्यांत आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ही वाद्ये आकाराने लहान असतात आणि तुलनेने स्वस्त मिळतात, त्यामुळे बहुतेक जण ती ऐकून न पाहताच विकत घेतात. प्रत्यक्षात यांचा आवाज तार आणि कोरडा असल्याने वाद्यवृंदात लयीची चूक सर्वांत आधी यांच्यावरच ऐकू येते. म्हणून उत्तरे थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : मी प्रतापनगर भागातील एका शाळेत संगीत शिकवते. पाचवी ते आठवीच्या मुलांचा वाद्यवृंद बसवण्यासाठी शाळेने थोडी रक्कम मंजूर केली आहे. दहा-बारा वाद्यांचा लॅटिन पर्कशनचा तयार संच एकाच पेटीत मिळतो. तो घ्यावा की वाद्ये सुटी घ्यावीत? सुटी घ्यायची असल्यास आधी कोणती घ्यावीत?

उत्तर : वाद्ये सुटीच घ्यावीत आणि सुरुवात क्लावेसपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पेटीतल्या संचात संख्या भरपूर दिसते. परंतु त्यातले मराकास बहुधा पातळ प्लास्टिकचे असतात, क्लावेस हलक्या लाकडाच्या असतात आणि बाकीच्या वस्तूंपैकी निम्म्या पहिल्या वर्षानंतर कपाटातून बाहेरही येत नाहीत. त्याहून मोठी अडचण शिकवण्याची आहे. बारा मुलांच्या हातात बारा वेगवेगळी वाद्ये दिली की प्रत्येकाला वाद्य कसे धरायचे हे सांगण्यातच तासिका संपते आणि ताल शिकवायचा राहून जातो. त्यापेक्षा क्लावेसच्या दहा-बारा जोड्या घेतल्या, तर संपूर्ण वर्गाला एकच ठेका एकाच वेळी शिकता येईल.

क्लावेस म्हणजे वीतभर लांबीचे दोन भरीव, गोल लाकडी दांडके. लांबी साधारण 20 ते 25 सेंटीमीटर आणि जाडी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते. हे वाद्य क्युबाचे, आणि त्यावर वाजणारा पाच आघातांचा ठेका, ज्याला क्लावे असेच म्हणतात, तो तिथल्या ‘सोन’ या गीतप्रकाराचा कणा आहे. आपल्या विद्यार्थ्यांना तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजता येत असतील, तर हा ठेका समजावणे सोपे जाईल. सोळापर्यंत समान गतीने मोजत राहायचे आणि 1, 4, 7, 11 व 13 या मात्रांवर आघात करायचा. पहिल्या आठ मात्रांत तीन आणि पुढच्या आठ मात्रांत दोन आघात येतात, म्हणून याला ‘तीन-दोन’ म्हणतात. काही गाण्यांत दोन आघातांची बाजू आधी येते. तेव्हा तेच आघात 3, 5, 9, 12 व 15 या मात्रांवर पडतात. रुंबा या प्रकारात तीन आघातांच्या बाजूचा शेवटचा आघात एक मात्रा पुढे सरकतो, म्हणजे सातव्याऐवजी आठव्या मात्रेवर पडतो, आणि एवढ्याशा बदलाने ठेक्याची चाल पूर्णपणे पालटते. गाणे ज्या बाजूने सुरू झाले ती बाजू मध्येच उलटायची नाही, हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा. तीनतालाच्या टाळी-खालीचा विचार मात्र इथे आणू नये. सोळा ही संख्या केवळ मोजणीच्या सोयीसाठी घेतली आहे. समेचे वजन पहिल्या मात्रेवर टाकायची सवय लागली, तर क्लावेची ओढ हरवते.

आता खरेदी. लाकूड जड आणि घट्ट रेषांचे हवे. गाठ असलेला किंवा पॉलिशचा जाड थर दिलेला दांडका बाजूला ठेवावा. दुकानात दोन्ही दांडके मुठीत आवळून एकमेकांवर आपटले, तर चांगली जोडीसुद्धा ‘ठक्’ असा मेलेला आवाज देते आणि आपला गैरसमज होतो. आधाराला असलेल्या हाताची ओंजळ करून तळहात वर ठेवावा आणि दांडका त्यावर अलगद टेकवावा; एका बाजूला बोटांच्या टोकांचा आधार, दुसऱ्या बाजूला तळहाताच्या मनगटाकडील उंचवट्याचा. दांडक्याच्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण 22 टक्के अंतरावर, म्हणजे 20 सेंटीमीटरच्या दांडक्यात सुमारे साडेचार सेंटीमीटरवर, कंपन जवळपास शून्य असते. आधार तिथे आला की आवाज दबत नाही आणि खालची ओंजळ तो आणखी खुलवते. मग दुसऱ्या दांडक्याने बरोबर मध्यावर हलका आघात करून पाहावा. स्वच्छ, टोकदार आणि क्षणात संपणारा आवाज आला, तर जोडी घ्यावी. एकाच दांडक्यावर दोन ठिकाणी वेगवेगळे सूर ऐकू आले, तर लाकूड आतून सारखे नाही असे समजावे.

शाळेसाठी आणखी एक मार्ग सुचवतो. जुन्या पलंगांचे आणि खुर्च्यांचे शिसवी पाय भंगारात सापडतात. असे लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असते. ते कातकाम करणाऱ्या कारागिराकडे दिल्यास तो सहज दहा जोड्या काढून देईल. सागाचा आग्रह धरू नये. साग टिकाऊ असला तरी शिसवाच्या मानाने हलका असतो, त्यामुळे त्याचा आवाज बोथट येतो.

क्लावेस हातात बसल्यावर मराकासच्या दोन जोड्या आणि एक ग्वीरो घ्यावा. ग्वीरो म्हणजे अंगावर समांतर खाचा पाडलेला पोकळ, लांबट भोपळा. त्या खाचांवरून काडी फिरवायची. क्युबाच्या चा-चा-चा प्रकारात त्याचा एक लांब आणि दोन आखूड घासांचा ठेका सतत चालू असतो. तो मुलांना चटकन आवडतो, पण लांब घास पूर्ण मात्राभर टिकवणे अवघड असते, म्हणून ग्वीरो वर्गातल्या सर्वांत शांत विद्यार्थ्याकडे द्यावा. काऊबेल एकच पुरे, तीही मैदानावरच्या कार्यक्रमापुरती. बंद वर्गात, विशेषतः पत्र्याच्या छपराखाली, तिचा आवाज कानांना सहन होत नाही. अंड्याच्या आकाराचे शेकर घेतले, तर त्यांचा जोड नखाने दाबून पाहावा. जोड उकलला की आतले बारीक खडे जमिनीवर सांडतात, आणि शाळेत लहान मुलेही असतात.

प्रश्न : मी महाल भागात राहतो आणि हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात साइड ऱ्हिदम वाजवतो. माझ्याकडे प्लास्टिकचे मराकास आहेत. माइकवर त्यांचा आवाज सतत ‘सर्र’ असा पसरतो. चामड्याचे घेतल्यास फरक पडेल का? दुकानात त्यांची पारख कशी करावी?

उत्तर : फरक पडेल, परंतु आपण वर्णन केलेला दोष निम्मा वाद्याचा आणि निम्मा हाताचा असावा, असे वाटते. मराकासमधल्या बिया किंवा गोळ्या सगळ्या एकाच क्षणी कवचाच्या एका बाजूवर आदळल्या, तरच आघात स्पष्ट होतो. हात गोलाकार फिरला की त्या कवचावर घरंगळत राहतात आणि नेमका तो ‘सर्र’ ऐकू येतो. तर्जनी दांड्यावर सरळ ठेवून, मनगटाने छोटी हालचाल करावी आणि ती एकदम थांबवावी. हात वर नेताना बिया वरच्या बाजूवर आदळून नको असलेला दुसरा आवाजही निघतो. तो टाळायचा असेल तर वर जाणारी हालचाल संथ आणि खाली येणारी तुटक ठेवावी. माइक तोंडापासून जेवढ्या अंतरावर धरतो तेवढ्या अंतरावर मोबाइल ठेवून घरी ध्वनिमुद्रण करून पाहिले, म्हणजे दोष कुठला आहे ते लगेच कळेल.

त्यानंतर वाद्याचा विचार. कडक प्लास्टिकचे कवच आवाज तार आणि मोठा देते. मंचावर ड्रम व कीबोर्डच्या गर्दीतून तो बाहेर येतो, मात्र माइकच्या जवळ कर्कश होतो. कच्च्या चामड्याच्या कवचाचा आवाज भरीव आणि नेमका असतो, म्हणून सभागृहातल्या कार्यक्रमासाठी व ध्वनिमुद्रणासाठी तो अधिक चांगला. भोपळ्याच्या कवचाचा आवाज सर्वांत मऊ. संथ बोलेरोच्या अंगाने जाणाऱ्या गाण्याला तो शोभतो, पण मोठ्या मंडपात विरून जातो. आपल्याकडे एकच जोडी ठेवायची असेल तर चामड्याची ठेवावी.

दुकानात जोडीतले दोन्ही मराकास आधी वेगवेगळे वाजवावेत. एकाचा आवाज उंच आणि दुसऱ्याचा खालचा असायलाच हवा. दोन्ही सारखे वाजले तर ती जोडी घेऊ नये, कारण मराकासचा सगळा संवाद या दोन आवाजांतच असतो. मग एक मराका कानाजवळ धरून अगदी सावकाश आडवा करावा. बिया एकत्र सरकल्या तर ठीक. एखादी मागे राहून उशिरा पडत असेल, तर आत गोंदाचा किंवा शिवणीचा अडथळा आहे. शेवटी दांडा पिळून पाहावा. तो जरासा जरी हलला, तरी चार कार्यक्रमांत निखळेल.

आपण हिंदी गाणी वाजवता, म्हणून एक सुचवावेसे वाटते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात अमृतराव काटकर यांनी रेसो-रेसो या खाचांच्या वाद्याला जे स्थान मिळवून दिले, ते साइड ऱ्हिदम वाजवणाऱ्या प्रत्येकाने कान देऊन ऐकावे. तिथे हे वाद्य भरीला घातलेले नाही. कित्येक गाण्यांची चाल तेच पुढे नेते. ब्राझीलच्या ‘हेको-हेको’चे हे आपल्याकडे रुळलेले रूप आहे. पुढची खरेदी करायची असेल, तर आणखी एका शेकरवर पैसे घालण्याऐवजी असे खाचांचे वाद्य घ्यावे. त्यात खाचांची खोली आणि त्यांच्यातले अंतर एकसारखे आहे का, हे काडी सावकाश ओढून ऐकावे. मध्येच आवाज अडखळला तर द्रुत लयीत तो हमखास त्रास देतो.

प्रश्न : नंदनवन परिसरातल्या आमच्या भजन मंडळात मी खंजिरी वाजवतो. ब्राझीलचे पांडेरो हे वाद्य खंजिरीसारखेच दिसते. ते घेऊन भजनात वाजवता येईल का?

उत्तर : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांमुळे विदर्भात या वाद्याची जी तयारी गावोगावी आहे, ती पांडेरो शिकताना फार मोठी जमेची बाजू ठरेल. कडे, त्यावर ताणलेले चामडे आणि कड्यात बसवलेल्या चकत्या ही रचना दोन्हींत आहे. फरक चकत्यांत आणि हातात आहे. पांडेरोच्या चकत्या वाटीसारख्या किंचित खोलगट असतात आणि जोडीने अशा बसवतात की त्यांचा आवाज कोरडा व आखूड राहतो. खंजिरीसारख्या त्या मोकळ्या खणखणत नाहीत. वाजवणाऱ्या हाताचा अंगठा, बोटांची टोके आणि मनगटाकडचा भाग आळीपाळीने पडत राहतो, तर धरणारा हात वाद्य सतत हलवत असतो आणि चामडे बोटाने दाबून खालचा सूर उघडा किंवा बंद करतो. एका वाद्यातून खर्ज, टिपेचा आघात आणि चकत्यांची चाल असे तीन थर निघतात, ते याच कारणाने.

घ्यायचे असेल तर 10 इंच व्यासाचे घ्यावे. 12 इंचांचे अधिक गाजते, पण अर्धा तास एका हातावर पेलणे नवख्याला झेपत नाही. दुकानात ते आडवे धरून काही मिनिटे तसेच उभे राहावे. खांदा बोलू लागला, तर हलके पाहावे. शिकण्यासाठी चामड्याचे बरे, कारण अंगठ्याचा खर्ज त्यावरच खरा कळतो.

भजनाबाबत मात्र माझा सल्ला वेगळा आहे. टाळ, झांजा आणि हार्मोनियम यांच्या जोडीला खंजिरीचा खणखणाट लागतोच. पांडेरोच्या कोरड्या चकत्या त्यात ऐकूच येणार नाहीत. भजनात खंजिरीच ठेवावी. पांडेरो गिटारबरोबर किंवा एकट्या गायकाबरोबर वाजवावा. तिथे तो एकटा संपूर्ण तालविभागाचे काम करतो.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेहून नागपूरला येत आहे. त्याच्याकडून कोणती वाद्ये मागवावीत आणि कोणती इथेच घ्यावीत?

उत्तर : साखळीचा कबासा मागवावा. अमेरिकेने 1962 मध्ये क्युबाशी व्यापार बंद केल्यावर तिथली वाद्ये अमेरिकेतल्या वादकांना मिळेनाशी झाली. मार्टिन कोहेन या अभियंत्याने त्यामुळे स्वतःच बाँगो (हातांनी वाजवायची छोट्या ढोलांची जोडी) आणि इतर वाद्ये बनवायला सुरुवात केली आणि 1964 मध्ये लॅटिन पर्कशन ही कंपनी स्थापन केली. आफ्रिकी वंशाच्या शेकेरेमध्ये भोपळ्यावर मण्यांची जाळी सैल गुंफलेली असते. कोहेन यांनी भोपळ्याच्या जागी खडबडीत पोलादी पत्र्याचे नळकांडे आणि जाळीच्या जागी पोलादी मण्यांच्या साखळ्या आणल्या. साखळ्या एका तळहातात धरून दुसऱ्या हाताने दांडा फिरवला की जो खरखरीत, नेमका आवाज निघतो, त्याची बरोबरी स्वस्त नकलांना साधत नाही, कारण त्यांचे मणी हलके असतात आणि पत्र्याचा पोत लवकर गुळगुळीत होतो. मध्यम आकार मागवावा.

गाढवाच्या जबड्याचे किहादा हे वाद्य कितीही आकर्षक वाटले तरी सामानातून आणू नये. प्राण्यांच्या हाडांची वस्तू विमानतळावर अडकू शकते. तोच खडखडाट देणारे व्हायब्रास्लॅप हे वाकवलेल्या तारेचे वाद्य कोहेन यांनीच त्याला पर्याय म्हणून तयार केले, ते आणावे. शिसवी क्लावेस आणायला आता हरकत नाही. शिसवाच्या सर्व जातींवर 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते, पण नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यांतून वगळले आहे. शेकर, त्रिकोण आणि काऊबेल इथेच घ्यावेत. हातात धरून वाजवायची काऊबेल घेताना स्टँडला जोडायचा लोखंडी कान नसलेली निवडावी, नाहीतर तो तळहातात रुततो. आणि ती ड्रमच्या बारीक काडीऐवजी जाड लाकडी दांडक्याने वाजवावी. तोंडाच्या काठावर खालचा आणि बंद बाजूजवळ वरचा, असे दोन आवाज स्वच्छ वेगळे आले पाहिजेत.

प्रश्न : भोपळ्याचा ग्वीरो आणि चामड्याचे मराकास नागपूरच्या उन्हाळ्यात टिकतील का?

उत्तर : काळजी घेतली तर टिकतील. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि हवा अगदी कोरडी होते. त्याच वेळी घरात कूलर दिवसरात्र ओली हवा फेकत असतो. वाद्याचे नुकसान एकट्या उन्हापेक्षा या दोन टोकांमधल्या ये-जा करण्याने अधिक होते. कूलरच्या झोतात ठेवलेले चामडे सैल पडते आणि दुपारी बाहेर काढले की आक्रसते; असे रोज झाले की शिवण उसवते. भोपळा तर देठाजवळ सरळ तडकतो. म्हणून ही वाद्ये कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, कापडी पिशवीत घालून लाकडी कपाटात ठेवावीत. बंद मोटारीत दुपारभर ठेवण्याचा विचारही करू नये. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी टाळावी, कारण आत बुरशी धरते. पिशवीत सिलिका जेलची पुडी ठेवणे चांगले. भोपळ्याला बारीक तडा गेलाच, तर आतून पातळ कापडाची पट्टी सरसाने चिकटवावी. बाहेरून लावलेला चिकटपट्टीचा तुकडा खाचांचा आवाज मारतो. ज्यांना एवढे सांभाळणे शक्य नाही, त्यांनी फायबरचा ग्वीरो घ्यावा. आवाजात थोडी ऊब कमी येते, पण तो कोणत्याही ऋतूत तसाच राहतो.

प्रश्न : मी नववीत शिकतो. घरी मराकास बनवता येतील का? आत कोणत्या बिया घालू?

उत्तर : येतील, आणि योग्य बिया तुझ्या अंगणातच असण्याची शक्यता आहे. व्हेनेझुएलाच्या होरोपो संगीतात हार्प आणि चार तारांच्या क्वात्रोबरोबर जे मराकास वाजतात, त्यांत कर्दळीच्या बिया घालण्याची पद्धत आहे. आपल्या बागांतून लाल-पिवळ्या फुलांची वाढते, तीच ही कर्दळ. तिच्या बिया काळ्या, गोल आणि इतक्या कडक असतात की आपटून त्यांचा भुगा होत नाही. तांदूळ किंवा डाळ घालू नकोस. त्यांचे कण पडतात आणि कीडही लागते.

मुठीएवढ्या आकाराचे, पूर्ण वाळून खुळखुळणारे दोन भोपळे घे. देठाकडे छिद्र पाडून आतला गर आणि बिया काढून टाक, वाकवलेल्या तारेने आतली बाजू खरवड आणि दोन दिवस पुन्हा वाळू दे. आधी थोड्याच बिया घाल, छिद्रावर बोट ठेवून हलवून पाहा आणि मग एकेक वाढव. बिया फार झाल्या की त्या एकमेकींवरच आदळतात आणि आघात अस्पष्ट होतो. दोन्ही भोपळ्यांचा आवाज सारखा येऊ लागला, तर एकातल्या काही बिया काढून घे, म्हणजे एक उंच आणि एक खालचा असा फरक राहील. हे सगळे मनाजोगे झाल्यावरच दांडा सरसाने पक्का बसव, कारण त्यानंतर बिया कमी-जास्त करता येणार नाहीत.